१८७ वेळा ऐकलं म्हणून ते माझं लाडकं गाणं होत नाही

सकाळी डोळे चोळत फोन हातात घेतला, तर स्क्रीनवर रंगीत पट्ट्या नाचत होत्या. मी ज्या अ‍ॅपवर गाणी ऐकते त्याने माझ्या वर्षाचा निकाल लावून टाकला होता. आज ४ डिसेंबर २०२४. वर्ष संपायला २७ दिवस आहेत आणि यांचा निकाल तयार! वर्षभरातलं तुमचं सर्वांत लाडकं गाणं: ‘एस्प्रेसो’. १८७ वेळा ऐकलंत. अभिनंदन.

कसलं अभिनंदन? आणि ‘लाडकं’ हा शब्द यांना वापरायला दिला कुणी?

‘एस्प्रेसो’ मी १८७ वेळा ऐकलं, कारण भांडी घासताना ते लावते, कपडे वाळत घालताना लावते, ऑफिसचे लांबलचक तक्ते भरताना लावते. हात चालू राहतात, डोकं शांत राहतं. गाणं झकास आहे, त्यावर पुढे बोलेनच. पण ज्या गाण्याने या वर्षी मला अक्षरशः खाली बसवलं, ते मी अख्ख्या वर्षात सहा वेळा ऐकलंय. सहा. त्यापुढे ऐकवतच नाही. अ‍ॅपने काढलेल्या माझ्या शंभर गाण्यांत ते शोधून सापडत नाही.

आकडे खोटे नाहीत, हे मान्य. एवढंच मान्य.

दुपारपर्यंत तुमच्या सगळ्यांच्या भिंतींवर त्याच पट्ट्या दिसल्या आणि माझा राग वाढत गेला. अरे, तुम्ही गाण्यांवर तासन् तास भांडणारी माणसं! कोरस आधी यावा की ब्रिज (शेवटच्या कोरसआधीचा वेगळ्या चालीचा तुकडा) लांबवावा यावरून रात्री दोन वाजेपर्यंत मेसेज करणारी! आणि वर्षाचा हिशोब मशीनने करून दिला की मुकाट्याने शेअर करून मोकळे? तुमची यादी कुठे आहे?

माझी मी करतेय. दोन वर्षांनी करतेय. का, ते जुन्या मंडळींना ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी सांगते.

माझी एक मैत्रीण होती. नाव लिहीत नाही, तिला ते आवडलं नसतं. दर ३१ डिसेंबरला आम्ही दोघी कागदावर, पेनने, वर्षातली दहा गाणी लिहायचो आणि एकाच वेळी फोटो पाठवायचो. बारा वर्षं हे चाललं. तिच्या यादीत दहावी जागा दर वर्षी रिकामी असायची. वर्ष अजून संपलेलं नाही, रात्री बारापर्यंत गाणं येऊ शकतं, असं तिचं म्हणणं. फेब्रुवारी २०२३ मध्ये ती गेली. तापाचं निमित्त झालं, चार दिवसांत सगळं संपलं. त्या डिसेंबरात मी कागद घेतलाच नाही.

तर यादी. खालून वर.

नऊ: रॅपर केन्ड्रिक लमारचं ‘नॉट लाइक अस’. हे पॉप आहे का, हा प्रश्न कुणीतरी विचारणार, म्हणून आधीच सांगते की ज्या गाण्यावर अख्खं मैदान एका सुरात ओरडतं ते पॉप. जूनमधल्या मैफिलीत त्याने ते सलग पाच वेळा म्हटलं आणि पाचव्यांदाही लोकांचा दम संपला नव्हता. त्यातलं ड्रेक या रॅपरशी भांडण मला नकोसं वाटतं, दुसऱ्याला जाहीरपणे चिरडण्यात मला आनंद नाही. पण मस्टर्ड या निर्मात्याचा तो बीट सुरू झाला की खांदे आपोआप हलतात, तिथे माझं काही चालत नाही.

आठ: शबूझीचं ‘अ बार साँग (टिप्सी)’. २००४ च्या एका रॅप गाण्याचा हुक, म्हणजे कानात बसणारी ओळ, उचलून त्याने ती सरळ कंट्रीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या संगीताच्या, गिटारवर बसवली. १९ आठवडे बिलबोर्डच्या हॉट १०० या अमेरिकी यादीत पहिला, म्हणजे ‘ओल्ड टाउन रोड’च्या विक्रमाशी बरोबरी. पुढे.

सात: रोझे आणि ब्रूनो मार्सचं ‘एपीटी’. कोरियातला मित्रमंडळींचा एक खेळ, त्यात अपार्टमेंट या शब्दाचा त्यांच्या तोंडातला उच्चार पुन्हा पुन्हा म्हणत हातावर हात ठेवायचे. एवढ्याशा गोष्टीतून हे गाणं उभं राहिलं. ऑक्टोबरात आलं आणि दोन महिन्यांत घराघरातल्या पोरांच्या तोंडी बसलं. ‘यात अर्थ काय?’ म्हणणाऱ्यांनी आपण लहानपणी काय काय बडबडगीतं म्हणायचो ते आठवावं.

सहा: ‘एस्प्रेसो’. हो, सहावं. १८७ वेळा आणि तरी सहावं! सबरीना कार्पेंटरने तीन मिनिटांच्या आत सगळं आवरलंय, बेसची ती उडती चाल एकदाही जड होत नाही, आणि कोरसमध्ये व्याकरण असं वाकवलंय की ते वाक्य दुसऱ्या कुठल्याच तऱ्हेने म्हणता येऊ नये. हलकं गाणं लिहिणं फार अवघड असतं आणि ते करणाऱ्यांना कुणी मान देत नाही. मी देते. पण हे गाणं माझ्याकडून काही मागत नाही. म्हणून सहावं.

(टेलर स्विफ्टच्या चाहत्यांनो, नाही, यादीत नाही. एका अल्बमच्या नावाखाली ३१ गाणी दिली, त्यातली १५ निवडायचं धाडस केलं असतं तर कदाचित असती. ‘फोर्टनाइट’ वाईट नाही. बस.)

पाच: बियॉन्सेचं ‘टेक्सस होल्डेम’. यावर मी थोडी चिडणार आहे. पहिल्याच सेकंदाला जो बँजो वाजतो तो रियानन गिडेन्सचा आहे, आणि या बाईने आयुष्य घालवलंय ते हेच सांगण्यात की बँजोचं मूळ आफ्रिकन आहे, गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी ते वाद्य अमेरिकेत घडवलं. म्हणजे गाण्याच्या पहिल्या ठोक्यातच सगळा युक्तिवाद मांडून झालाय, एक शब्द न बोलता. बिलबोर्डच्या कंट्रीच्या यादीत पहिल्या नंबरवर पोहोचलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. आणि त्याच वर्षी कंट्रीवाल्यांच्या सीएमए पुरस्कारांत तिला नामांकन किती? शून्य. एकही नाही! ग्रॅमीची ११ नामांकनं मिळाली, पण ज्यांच्या अंगणात ती गेली त्यांनी दार उघडलं नाही. तिचं गाणं कंट्री नाही असं म्हणणाऱ्यांनी तो बँजो पुन्हा एकदा ऐकावा.

माझी मैत्रीण नेहमी म्हणायची, पहिल्यांदा ऐकताना शब्दांकडे लक्ष द्यायचं नाही, वाद्यं ऐकायची. ती गाणं पाठवायची तेव्हा सोबत व्हॉइस नोट असायची: हेडफोन लाव, कामं करता करता ऐकू नकोस. आणि मी? मी अंगठा पाठवायचे. न ऐकता. तिला गाण्यातलं इतकं कळायचं की तिच्यासमोर मला माझं मत सांगायची भीती वाटायची. काहीतरी चुकीचं बोलेन आणि तिच्या लक्षात येईल की हिला काही कळत नाही. म्हणून अंगठा.

चार: ‘बर्ड्स ऑफ अ फेदर’. बिली आयलिश सुरुवातीपासून कुजबुजत गायची, कानाला ओठ लावल्यासारखी. या गाण्यात शेवटाकडे ती आवाज मोकळा सोडते आणि पहिल्यांदा ऐकताना मी हातातलं काम थांबवलं. २२ वर्षांची मुलगी, शेजारी भाऊ फिनियस, आणि चाल अशी की उन्हात सायकल चालवावी. शब्दांत मात्र थडगं आहे, मरणापर्यंतची सोबत आहे. अल्बम आला तेव्हा पुढे केलेलं गाणं ‘लंच’ होतं, लोकांनी मात्र हे उचललं. लोकांचं कधीकधी बरोबर असतं.

तीन: चॅपेल रोन, ‘गुड लक, बेब’. हिला २०२० मध्ये तिच्या रेकॉर्ड कंपनीने सोडून दिलं होतं. ती घरी परतली, पडेल ते काम केलं, पुन्हा उभी राहिली आणि या एप्रिलमध्ये हे गाणं आलं. एका बाईचं दुसऱ्या बाईवर प्रेम आहे, पण ती दुसरी स्वतःशीच खोटं बोलतेय, आणि मधल्या ब्रिजमध्ये पहिली तिला बजावते की एक दिवस मध्यरात्री जागी होशील, कुणाची तरी बायको एवढीच तुझी ओळख असेल आणि तेव्हा तुला मी आठवेन. काय ताकदीने गायलंय! शेवटी गाणं हळूहळू मंद होत जातं, कॅसेट अडकल्यासारखं, जणू गाणारीच थकली. ते शेवटचे काही सेकंद कापून रील बनवणाऱ्यांचा मला इतका राग येतो की सांगता येत नाही. शेवट कापला की उरतं काय?

दोन आणि एक वेगळं सांगताच येत नाही. दोन्ही ब्रिटिश गायिका चार्ली एक्ससीएक्सची, दोन्ही ‘ब्रॅट’ या अल्बममधली. आणि अल्बममध्येही ती एकापाठोपाठ एक येतात, नववं आणि दहावं. अल्बम क्रमाने ऐकणाऱ्यांनाच हे कळतं. शफलवर ऐकणाऱ्यांनो, तुमचं नुकसान.

दोन: ‘गर्ल, सो कन्फ्यूजिंग’, पण लॉर्ड या गायिकेबरोबरची आवृत्ती. मूळ गाण्यात चार्ली एका गायिकेबद्दल म्हणते की आपण मैत्रिणी आहोत की नाही तेच मला कळत नाही, तू बाहेर जाऊया म्हणतेस, आपण जेवायला जातो, आणि तरी अवघडल्यासारखं वाटतं. ७ जूनला अल्बम आला. लोक तर्क लढवत राहिले. आणि २१ जूनला त्याच गाण्यात लॉर्ड स्वतः उत्तर द्यायला आली. दोनच आठवड्यांत! ती म्हणते, मी तुला टाळत होते कारण मी माझ्याच शरीराशी झगडत होते, तुझ्या फोटोंत यायला घाबरत होते. आणि चार्लीला तर वाटत होतं की हिला मी आवडत नाही. दोन मोठ्या बायका, जगासमोर, संगीताच्या तालावर एकमेकींचे गैरसमज सोडवतात. काहींनी याला प्रसिद्धीचा डाव म्हटलं. असेलही. मला फरक पडत नाही. बोलल्या ना?

आणि एक. ‘सो आय’.

हे सोफीसाठी आहे. सोफी ही निर्माती, आजच्या पॉपमधले ते धातूवर घासल्यासारखे, रबर ताणल्यासारखे आवाज जिने आणले ती. २०१६ मध्ये चार्लीचं ‘व्रूम व्रूम’ तिनेच घडवलं. ३० जानेवारी २०२१ ला अथेन्समध्ये पौर्णिमेचा चंद्र नीट दिसावा म्हणून ती उंचावर चढली, पाय घसरला, आणि गेली. ३४ वर्षांची होती. गाण्यात चार्ली कबूल करते की सोफीच्या तेजाची तिला भीती वाटायची, म्हणून ती लांब राहायची. सोफी जेवायला थांब म्हणायची आणि ही नको म्हणून निघून जायची. आता वाटतं, थांबायला हवं होतं. सोफीच्या गाण्याचं नाव होतं ‘इट्स ओके टू क्राय’, ते चार्लीने आपल्या कोरसमध्ये घेतलंय. म्हणजे रडायची परवानगीसुद्धा गेलेलीनेच देऊन ठेवलेली.

जूनमध्ये हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी शब्द ऐकत नव्हते. वाद्यं ऐकत होते, शिकवल्याप्रमाणे. ‘ब्रॅट’ सगळा धडधडणारा, आणि मध्येच हे इतकं मोकळं, जवळजवळ रिकामं. मग शब्द कानावर आले आणि मी जिथे होते तिथे जमिनीवर बसले.

तिचा शेवटचा मेसेज एक लिंक होता. खाली लिहिलेलं, ‘ऐकलंस का?’ मी लिहिलं, ‘हो, मस्त.’ ऐकलं नव्हतं. उघडलीसुद्धा नव्हती. ती गेल्यावर पाचव्या दिवशी उघडली. हेडफोन लावून, काही काम न करता. आणि गाणं मला आवडलं नाही. खरंच नाही आवडलं. अगदी साधारण गाणं, कोरस लांबलेला, ड्रम पत्र्यासारखे. तिला त्यात काय दिसलं होतं ते मला विचारायचं होतं. बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे तिच्याशी भांडायला ठोस मुद्दे होते.

ऑक्टोबरात ‘सो आय’ची नवी आवृत्ती आली, ए. जी. कुकबरोबर. तोही सोफीचा मित्र. त्यात दुःख बाजूला ठेवून फक्त चांगल्या आठवणी आहेत, मजा केल्याच्या. आधी मला राग आला. इतक्या लवकर? मग मोजलं, साडेतीन वर्षांहून जास्त झाली होती. माझी दोन होत आलीत. ती हसताना नाकाने आवाज काढायची आणि तो आवाज व्हॉइस नोटमध्ये हमखास यायचा, हे त्या रात्री आठवलं. नवी आवृत्ती अजून एकदाच ऐकलीये. यादीत जुनीच राहू दे.

सहा वेळांमध्ये ती एक धरली आहे.

कागदावर लिहून झालंय. फोटो खाली टाकतेय. अक्षर खराब आहे, कळत नसेल ते विचारा. नॉट लाइक असवर भांडा, टेलरवर भांडा, एस्प्रेसो सहावं कसं म्हणून भांडा, मी रात्रभर जागी आहे. पण स्वतःची यादी लिहून या, पट्ट्या चिकटवू नका.

दहावी जागा रिकामी ठेवली आहे. अजून २७ दिवस आहेत.