हरणापेक्षा काडतूस मोठं

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात रायफलनं हरणं मारायचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या शनिवारी सुरू होतो, तेव्हा काडतुसाचा निकाल आत्ताच लावा. (भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं हा प्रश्नच मिटवलाय. हा सल्ला तिकडे रीतसर परवाना काढून बसलेल्यांसाठी.)

हरीण किती अंतरावर दिसणार, हा विचार आधी डोक्यातून काढा. तिथल्या दाट रानात पांढऱ्या शेपटीचं हरीण बहुतेकदा शंभर यार्डांच्या आतच टिपलं जातं, पण असलं बोलून कोणी रंगाचा बेरंग करू नये. तुम्ही आठशे यार्डांची तयारी ठेवा. न जाणो, मधली झाडं कोणी तोडली तर?

दुकानात एखादा म्हातारा भेटेलच. त्याच्याकडे वडिलांची थर्टी-थर्टी असेल, म्हणजे १८९५ सालचं काडतूस. गोळी बोजड, वेग बेताचा, दीडशे यार्डांपुढे ती झपाट्यानं खाली येते. म्हातारा तेवढ्या लांबून मारतच नाही आणि दरवर्षी त्याचा फ्रीझर भरलेला असतो. अशा माणसाशी वाद घालू नका, विज्ञान त्याच्या गावीही नाही.

थर्टी-ऑट-सिक्सचाही मोह नको. १९०६ साली सैन्यासाठी बनलेलं, खेड्यातल्या किराणा दुकानातही मिळणारं काडतूस वापरण्यात कसली आलीये प्रतिष्ठा? त्यापेक्षा ६.५ क्रीडमूर घ्या. ते २००७ साली कागदी निशाण्यांच्या स्पर्धांसाठी निघालं. गोळी लांब, निमुळती, वारा कापत जाणारी. शंभर यार्डांवर नेम बसवला, तर दोनशे यार्डांवर क्रीडमूर आणि थर्टी-ऑट-सिक्सच्या गोळ्यांच्या घसरणीत जेमतेम इंचभर फरक पडतो. मात्र त्या इंचावर अख्खी रात्र वाद घालता येतो आणि त्यासाठीच तर माणसं पैसे मोजतात. स्कँडिनेव्हियातले लोक शंभराहून अधिक वर्षं जुन्या ६.५ च्या काडतुसानं हरणाच्या कितीतरी पट मोठे मूस मारताहेत, हा मुद्दा कोणी काढलाच तर कॉफी आणायला उठा.

तरीही मन भरलं नाही, तर थ्री हंड्रेड विनचेस्टर मॅग्नम आहेच. त्याचा खांद्याला बसणारा धक्का टू-फोर्टी-थ्री या हलक्या काडतुसाच्या दुपटीहून जास्त. हरणाचं काळीज आणि फुप्फुसं पुढच्या पायामागे ताटलीएवढ्या जागेत असतात आणि तिथे टू-फोर्टी-थ्रीची नीट बसलेली गोळीही पुरते. पण ‘नीट बसलेली’ ही अट जाचक आहे. त्यापेक्षा खांदा काळानिळा करून घेणं सोपं.

फक्त सरावाला जाऊ नका, आणि गेलातच तर मित्राच्या हातून रायफल भरून घेऊ नका. हे लोक लबाड असतात, मुद्दाम काडतूस न घालताच रायफल हातात देतात. तुम्ही चाप ओढता, आवाज होतो नुसता ‘टक्’, आणि नळीचं तोंड चांगलं चार बोटं खाली जातं. डोळेही मिटलेले. धक्का बसायच्या आधीच तुम्ही दचकलात, हे सगळ्यांसमोर उघड होतं. एवढ्या महागड्या वस्तूचा असा अपमान कशाला?

गोळीचा प्रकारही बघत बसू नका. हरणासाठीची गोळी आत शिरून फुलावी, तरी एकसंध राहावी अशी घडवलेली असते. स्पर्धेच्या गोळीचं काम कागदाला भोक पाडणं. खोक्यावरचं चित्र आवडलं ते घ्या. नियमांची पुस्तिका तर उघडूच नका. शेजारच्या ओहायो राज्यात हरणासाठी रायफलमध्ये सरळ पुंगळीचीच, म्हणजे तोंडाशी निमुळती न झालेली काडतुसं चालतात, हे वनरक्षकाच्या तोंडून ऐकण्यात वेगळी मजा आहे.

एवढं करूनही हरीण शेपटी उंचावून निघून गेलं, तर दोष अर्थातच काडतुसाचा. २०२२ साली ७ पीआरसी नावाचं नवं काडतूस आलंय, ते बघा. जुनी रायफल विकायला काढा आणि जाहिरातीत ‘जेमतेम वापरलेली’ असं लिहा. तेवढं तरी खरं असेल.