‘७ किलो’ मागे घेणार नाही

नमस्कार,

मागच्या लेखात मी रबाळ्याच्या कारखान्यातल्या कॉम्प्रेसरबद्दल ‘७ किलो हवा’ लिहिलं होतं आणि पुढे ‘पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण ९.८ न्यूटन’ असंही. त्यावर तुमची हरकत अशी की, किलो हे वस्तुमानाचं एकक, दाबाचं नव्हे, आणि ९.८ ला न्यूटन हे बलाचं एकक लावणं नववीतल्या मुलालाही शोभत नाही.

दुसरा मुद्दा बिनशर्त मान्य. ९.८ हे त्वरण आहे, मीटर प्रति सेकंद वर्ग. न्यूटन लिहायचंच होतं तर ‘दर किलोग्रॅममागे’ हे शब्द हवे होते. मग दोन्हींचा अर्थ एकच होतो. ते मी गाळले. लेख दुरुस्त केलाय.

‘७ किलो’चं मात्र तसं नाही. कॉम्प्रेसरवरच्या दाब मोजणाऱ्या गेजच्या तबकडीवर किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर छापलेलं असतं आणि तो किलो बलाचाच असतो. एक किलो वस्तुमानावर प्रमाण गुरुत्वात जेवढी ओढ असते, तेवढं ते बल. हे प्रमाण, ९.८०६६५, वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९०१ साली ठरवलं. ‘न्यूटन’ हे नाव तिने स्वीकारलं १९४८ साली! एसआय या आंतरराष्ट्रीय एककपद्धतीत आज किलोग्रॅम-बलाला जागा नाही, हे खरं. पण हेल्परला ‘७ किलो’ऐवजी त्याच दाबासाठी ‘६८६ किलोपास्कलवर ठेव’ म्हटलं तर तो माझ्या तोंडाकडे बघत राहील.

गंमत म्हणजे ते ९.८०६६५ आपल्याकडे मिळतच नाही. विषुववृत्ताशी ९.७८०, ध्रुवांवर ९.८३२, आणि ठाणे-वाशीकडे साधारण ९.७८६. दिल्लीत ते किंचित जास्त. त्यामुळे दिल्लीत जुळवलेला इलेक्ट्रॉनिक काटा तसाच उचलून वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात मांडला, तर ५० किलोचं पोतं पंचवीस-तीस ग्रॅमने कमी भरेल. बारक्या बटाट्याएवढा फरक, पण फरकच. काट्याच्या आतला लोडसेल बल मोजतो, किलो आपण त्याला शिकवतो. म्हणून काटा जिथे वापरायचा तिथेच प्रमाण वजनं ठेवून जुळवायचा. दोन पारड्यांच्या जुन्या तराजूला ही भानगड नव्हती. गुरुत्व दोन्हीकडे सारखंच ओढतं, त्यामुळे तो चंद्रावरही बरोबर माप देईल.

आणि हो, त्याच लेखात स्कूटरच्या टायरसाठी मी ‘३० पीएसआय’, म्हणजे पौंड प्रति चौरस इंच, लिहिलं होतं. त्यातला पौंडही बलाचाच. त्यावर तुम्ही काही बोलला नाहीत.