समुद्र सावकाश तापतो, पण केवळ विशिष्ट उष्म्यामुळे नव्हे

पाण्याचा विशिष्ट उष्मा (एक किलो पदार्थाचे तापमान एक अंशाने वाढवण्यास लागणारी उष्णता) वाळूच्या पाचपट असतो, म्हणून समुद्र पाचपट सावकाश तापतो. शिवाय पाणी आरशासारखे ऊन परतवते आणि मिळालेली उष्णता रात्री धरून ठेवते, असा मजकूर सध्या पुष्कळ फिरतो आहे. जमीन लवकर तापते व लवकर निवते, हे त्यातले निरीक्षण निर्विवाद आहे. कारणांपैकी पहिले मात्र अपुरे आहे आणि उरलेली दोन सपशेल चुकीची आहेत.

पाचपटीचा आकडा एका किलोपुरता खरा आहे. परंतु ऊन वजनावर नव्हे, पृष्ठभागावर पडते. घनमीटरच्या हिशेबाने पाहिल्यास तापमान एक अंशाने वाढवण्यास पाण्याला सुमारे ४.२ मेगाज्यूल आणि कोरड्या वाळूला सुमारे १.३ मेगाज्यूल लागतात, म्हणजे फरक तिपटीवर येतो. वाळवंटी वाळूचा पृष्ठभाग दिवसरात्रीत ३० ते ४० अंशांनी वरखाली होतो, तर खुल्या समुद्राचा बहुधा एका अंशानेही होत नाही. एवढी तफावत तिपटीने कशी भरून निघणार?

खरा फरक खोलीचा आहे. भर दुपारी पाय पोळणारी वाळू हाताने उकरून पाहा, वीतभर खाली ती गार लागते, कारण कोरडी वाळू उष्णतेची दुर्वाहक असते. स्थिर पाणीही तसे दुर्वाहकच. मात्र समुद्रात प्रकाश खोलवर शिरतो आणि वारा व लाटा वरचे पाणी कित्येक मीटरपर्यंत घुसळत राहतात. समजा, प्रत्येक चौरस मीटरला निव्वळ १० मेगाज्यूल उष्णता मिळाली. ती २० सेंटिमीटर वाळूत वाटली गेली, तर तापमान सुमारे ३८ अंशांनी चढेल. १० मीटर पाण्यात वाटली गेली, तर जेमतेम पाव अंशाने. या १६० पटींच्या फरकात पदार्थाच्या गुणधर्माचा वाटा तीन पटींचा आणि खोलीचा पन्नास पटींचा आहे. उथळ डबक्यातल्या पाण्याचा विशिष्ट उष्मा समुद्राच्या पाण्याहून फारसा वेगळा नसतो, तरी ते दुपारपर्यंत चांगले कोमट होते, याचे उत्तर त्या मजकुरात नाही.

आरशाचा मुद्दा तर उलटाच आहे. डोळे दिपवणारी चकाकी कलत्या उन्हाची असते, आणि त्या वेळी मुळात ऊनच कमी असते. सूर्य माथ्यावर असताना पाणी पाच टक्क्यांहूनही कमी प्रकाश परतवते. फिकट कोरडी वाळू मात्र तीस टक्क्यांच्या आसपास परतवते. अर्थात समुद्र अधिक ऊन शोषूनही कमी तापतो. त्यातला मोठा भाग बाष्पीभवनातही खर्च होतो, कारण एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे २.४ मेगाज्यूल लागतात.

रात्री पाणी उष्णता धरून ठेवते, हे म्हणणेही टिकत नाही. पृष्ठभाग जितका उबदार, तितका तो अधिक उष्णता उत्सर्जित करतो. त्यामुळे निवलेल्या वाळूपेक्षा उबदार समुद्रच रात्री अधिक उत्सर्जन करतो आणि बाष्पीभवनही चालूच राहते. मात्र वरचा थर गार झाला की तो जड होऊन खाली जातो आणि त्याची जागा खालचे उबदार पाणी घेते. वाळूचा गार झालेला कण असा खाली जाऊ शकत नाही. तो जागच्या जागी आणखी निवत राहतो.