मूग गिळून न बसलेला ग्रिफ रीस

ब्रिटनमधल्या वेल्सच्या गायकांबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. मुलगा गावाकडे वेल्श या तिथल्या भाषेत गात होता, कुणी कुत्रं विचारत नव्हतं. मग शहाणा झाला, इंग्रजीकडे वळला आणि नाव काढलं. आपल्याकडे ही गोष्ट सल्ला म्हणून येते: मराठीत गाणं हौसेपुरतं ठीक, करिअर करायचं तर हिंदी धर, जमलं तर इंग्रजी. पण या गोष्टीत सुपर फरी अ‍ॅनिमल्स या बँडचा गायक ग्रिफ रीस याचं नाव गोवलं, की मला गप्प बसवत नाही. (स्पेलिंग बघून लोक 'ग्रफ' म्हणतात. वेल्शमध्ये तो ग्रिफ.)

पहिला मुद्दा, तो इंग्रजीकडे 'वळला'. वळला म्हणजे मागचा रस्ता सोडला. तसं झालंय का, ते तारखा लावून बघू. १९७० चा जन्म, वाढला उत्तर वेल्समधल्या बेथेस्डा या पाटीच्या दगडाच्या खाणींच्या गावात. शाळकरी वयातच 'फा कॉफी पाउब' नावाचा वेल्श बँड काढला. अर्थ 'सगळ्यांच्या कॉफीच्या बिया', पण भरभर म्हणून बघा, इंग्रजीतली एक सणसणीत शिवी ऐकू येते. तो बँड १९९३ मध्ये संपला आणि कार्डिफमध्ये सुपर फरी अ‍ॅनिमल्स उभा राहिला. १९९६ चा पहिला अल्बम 'फझी लॉजिक' इंग्रजी. इथपर्यंत गोष्ट सांगणाऱ्याचं बरोबर आहे, आणि तो नेमका इथेच थांबतो. पुढच्याच वर्षीच्या 'रेडिएटर'मध्ये इंग्रजी गाण्यांच्या मधोमध एक वेल्श गाणं बसलंय. त्याच्या नावाचा अर्थ 'माझे केस लांब काप'. बँडचा २००० चा अल्बम अख्खा वेल्श. २००५ मध्ये ग्रिफचा पहिला एकट्याचा अल्बम आला, तोही अख्खा वेल्श. त्यानंतर 'कँडीलायन' बहुतांशी इंग्रजी, २०१९ चा 'पँग!' वेल्श, २०२४ चा इंग्रजी, २०२५ चा 'डिम प्रॉब्स' पुन्हा वेल्श. याला वळणं म्हणत नाहीत. हे येणं-जाणं आहे.

यातलं २००५ साल मला सगळ्यात बोलकं वाटतं. त्याआधीचे बँडचे दोन इंग्रजी अल्बम ब्रिटनच्या खपाच्या यादीत तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकापर्यंत गेले होते. म्हणजे इंग्रजीचं दुकान ऐन भरात असताना या माणसाने स्वतःच्या नावाची पहिली पाटी वेल्शमध्ये लावली. नाव तरी काय, तर ज्याचा अर्थ 'तोतरी पिढी' असाही लागतो आणि कानाला गर्भनिरोधनाचा वेल्श शब्दही आठवतो. हा विनोद इंग्रजीत करताच येत नाही.

दुसरा मुद्दा पैशाचा. 'वेल्श खपत नाही.' इथे २००० सालच्या त्या अल्बमपाशी जरा थांबू या. नाव 'मूंग'. उच्चार जवळजवळ आपल्या मुगाचा, अर्थ घोड्याची आयाळ. बँडची कंपनी क्रिएशन रेकॉर्ड्स तेव्हा गाशा गुंडाळत होती. यांनी 'प्लॅसिड कॅज्युअल' हे स्वतःचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, काढलं, आधीच्या अल्बमवर पाण्यासारखा पैसा गेला होता म्हणून हा जेमतेम ६ हजार पौंडांत उरकला, आणि त्यात दातब्लगी या जुन्या वेल्श बँडचं एक गाणंही आदराने गायलं. अल्बम ब्रिटनच्या यादीत ११ व्या क्रमांकावर पोचला. संपूर्ण वेल्श अल्बम पहिल्या विसात येण्याची ती पहिलीच वेळ, आणि वेस्टमिन्स्टरच्या ब्रिटिश संसदेत एका वेल्श खासदाराने त्याचं कौतुकही केलं. आता बाजूला हे आकडे ठेवा: इंग्रजी 'फझी लॉजिक' २३ व्या क्रमांकावर अडकला होता, आणि मोठ्या खर्चाचा इंग्रजी 'गरिला' १० व्या. सहा हजारांचा मूग त्या गरिलाच्या एकच पायरी खाली.

समोरचा लगेच म्हणणार, "अहो, पण आधी इंग्रजीत नाव झालं म्हणून तर वेल्श खपला!" बरोबर आहे, हे मी नाकारत नाही. २०२१ च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श येणारे सुमारे ५ लाख ३८ हजार लोक निघाले. एवढ्यांच्या जिवावर कुणी ११ व्या क्रमांकावर जात नाही. नुसत्या वेल्शवर पोट भरणं कठीणच आहे. वेल्श गाणी रेडिओवर वाजल्याचं मानधन इतकं घसरलं होतं, की तिथल्या संगीतकारांनी 'इऑस' नावाची स्वतःची संस्था काढली आणि २०१३ च्या सुरुवातीला बीबीसीच्या रेडिओ कम्री या वेल्श केंद्राला कित्येक आठवडे त्यांची गाणी वाजवता आली नाहीत. तेव्हा वेल्शमध्ये गा आणि श्रीमंत व्हा, असं माझं म्हणणं नाही.

पण मग उलटा प्रश्नही विचारा. इंग्रजीत नाव व्हायच्या आधी या मुलांना उभं कुणी केलं? १९९५ मध्ये त्यांच्या पहिल्या रेकॉर्डी काढल्या त्या आन्क्स्ट या वेल्श लेबलने. त्यातल्या एकीचं नाव म्हणजे वेल्समधलं ते ५८ अक्षरी नावाचं जगप्रसिद्ध गाव, आणि पुढे 'अवकाशात'. लंडनच्या कुठल्या कंपनीने असलं शीर्षक छापलं असतं? लेबल, गावोगावचे कार्यक्रम, वेल्श रेडिओ, १९८२ पासूनची वेल्श टीव्ही वाहिनी या सगळ्यामुळे त्यांना चुका करायला जागा मिळाली. सल्ला देणारे जिला शिडीची खालची पायरी म्हणतात, ती खरं तर जमीन होती.

बरं, इंग्रजीत गाणं म्हणजे नेमकं काय, हाही प्रश्नच. क्रिएशनचा मालक अ‍ॅलन मगी लंडनमध्ये कॅमडनला त्यांचा कार्यक्रम ऐकायला आला, खूश झाला आणि म्हणाला, पुढच्या वेळी इंग्रजीत गायलात तर बरं होईल. किस्सा असा, की ते इंग्रजीतच गात होते!

तिसरा मुद्दा दुसऱ्या टोकाचा, आणि तो वेल्समधूनच आला: इंग्रजीत गाणं ही गद्दारी. या रागामागचं दुखणं मला कळतं. पण हा शब्द ग्रिफच्या गावात जपून वापरावा. बेथेस्डाच्या पेन्रिन खाणीत १९०० ते १९०३ असा तीन वर्षं संप चालला. काही कामगार फुटून कामावर गेले, तेव्हा संपकऱ्यांनी आपापल्या खिडकीत छापील कार्डं लावली: 'या घरात गद्दार नाही'. ती कार्डं उपाशी घरांच्या खिडक्यांत होती. तिथला शब्द उचलून गिटार वाजवणाऱ्या पोराला चिकटवणं मला तरी पटत नाही.

राहिला शेवटचा, 'छोट्या भाषेत गाणाऱ्याचं जग छोटं राहतं'. हा दोन ओळींत निकालात निघतो. 'पँग!' त्याने मुझी या दक्षिण आफ्रिकी निर्मात्याबरोबर केला: गाणी वेल्श, मध्येच झुलू, शीर्षक इंग्रजी. आणि दंतकथेतले वेल्श बोलणारे मूळनिवासी शोधायला १७९२ मध्ये अमेरिकेला गेलेल्या जॉन इव्हान्सच्या मागावर ग्रिफ निघाला, तेव्हा त्या इव्हान्सची तीनेक फुटी कापडी बाहुली शेजारी घेऊन मिसूरी नदीच्या काठाने गाणी म्हणत गेला. त्यातून २०१४ मध्ये अल्बम, पुस्तक, चित्रपट आणि अ‍ॅप असं सगळं निघालं.

कार्यक्रमात तो फारसं बोलत नाही. हातात मोठे फलक धरतो. एकावर 'टाळ्या', दुसऱ्यावर 'आणखी जोरात'. प्रेक्षक हसत हसत हुकूम पाळतात. आणि शेवटी एक फलक येतो, त्याचा मराठीत अर्थ साधारण असा: 'खोट्या वन्समोअरला बळी पडू नका'.