कुठली निळी?

"कुठली शाई वापरता?" या प्रश्नाला सगळ्या गावात "निळी" एवढं उत्तर पुरतं. शाईपेनाचा नाद लागलेल्या माणसाला ते पुरत नाही. कुठली निळी? कुठल्या पेनात? निब एफ (बारीक) की एम (मध्यम)? आणि मग जरा खालच्या पट्टीत, कागद कुठला? सगळी मेख या शेवटच्या प्रश्नात आहे. माझ्या कपाटात शाईच्या अकरा बाटल्या आहेत. खिशातल्या पेनात मात्र वर्षानुवर्षं एकच शाई असते आणि ती मी निवडलेली नाही. ती बँकेच्या पैसे भरायच्या स्लिपनं निवडली आहे.

जोडी जमवायचा पहिला नियम कुणीही शौकीन सांगेल: ओल्या पेनात कोरडी शाई, कोरड्या पेनात ओली. ओली म्हणजे सढळ हातानं उतरणारी, कोरडी म्हणजे हात आखडून. पायलटची एफ निब जपानी मापाची, म्हणजे युरोपातल्या ईएफच्या, अतिबारीक निबच्या, जवळ जाणारी. तिला त्याच घरातली इरोशिझुकू ही ओली शाई घातली की बारीक निबचं खरखरणं बरंच कमी होतं. लॅमी सफारीची एम निब उधळी. तिच्यात पेलिकन ४००१ सारखी कंजूष स्वभावाची, कोरडी शाई घातली की खर्च आटोक्यात राहतो. घरी, चांगल्या वहीवर, ही दोन्ही बिऱ्हाडं सुखात नांदतात.

मग तुम्ही ते पेन घेऊन काउंटरवर जाता, स्लिपवर 'पाच हजार' लिहिता आणि 'पा'च्या कान्याला मुळं फुटतात.

कागद बनवताना त्याला खळ देतात. स्वस्त कागदात ही खळ कमी असते, त्यामुळे कागदाचे तंतू दिव्याच्या वातीसारखी शाई ओढून घेतात. जेवढी शाई ओली आणि जेवढी निब जाड, तेवढी ही मुळं लांब. त्यात आपली लिपी देवनागरी. इंग्रजीवाल्यांचं जाड निबवर भागतं, आपल्याला वरून शिरोरेषा ओढायची असते, तीही खालची अक्षरं ओली असताना. जाड निबनं 'ष'चं पोट भरतं, 'घ' आणि 'ध' ओळखू येईनात. 'ध'चा 'मा' करायला आनंदीबाईच लागतात असं नाही, एम निबसुद्धा पुरते. वहीच्या रेघांमध्ये मराठी लिहायचं असेल तर एफच्या वर जाऊ नये, हे माझं ठाम मत. बी म्हणजे रुंद निब सहीपुरती ठेवावी, तीही स्वतःच्या कागदावर.

म्हणून नवी जोडी लावली की परीक्षा चांगल्या वहीवर घेऊच नये. एक जादा स्लिप घरी आणावी. तिच्यावर एक ओळ 'श्री'ची, एकावर एक गिरवलेला इंग्रजी आठ, आणि निब दोन सेकंद टेकवून धरलेले तीन ठिपके. अर्ध्या मिनिटानं कागद उलटा करायचा. ठिपके पलीकडे उतरले असतील तर ती शाई प्रेमपत्राची, कामाची नव्हे.

या परीक्षेत माझ्या अकरापैकी दहा नापास झाल्या. पास झाली ती सगळ्यांत रटाळ: प्लॅटिनमची ब्लू-ब्लॅक, त्याच कंपनीच्या प्रेपी पेनाच्या ०३ म्हणजे एफ निबमध्ये. ही आयर्न गॉल जातीची शाई, म्हणजे आपल्या जुन्या हिराकस आणि मायफळवाल्या शाईच्या कुळातली. लिहिताना निळसर दिसते, मग हवा लागून काळवंडत जाते. फुटत नाही, पाण्यानं धुऊन जात नाही. चेकवर लिहायला म्हणूनच बरी. वॉशेबल रॉयल ब्लूनं चेक लिहिणं म्हणजे रकमेला ओलं फडकं दाखवणं. चेक हल्ली स्कॅन होऊन पुढं जातो, तेव्हा फिकट आंबा रंगाची शाई तिथं काढू नये. रंग म्हणाल तर अगदी दप्तरी. कपाटातली पाचूसारखी हिरवी बाटली रोज माझ्याकडं सवतीच्या नजरेनं बघते.

या शाईचा एक जाच आहे. पेनात वाळली की निबच्या मागची जीभ चोंदते. म्हणून चार-सहा आठवड्यांनी एकदा धुवायचं. साधं गार पाणी कन्व्हर्टरनं, म्हणजे पेनातल्या शाई ओढायच्या नळीनं, ओढायचं, सोडायचं, पाणी नितळ येईतो. भागलं नाही तर पेलाभर पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, वर पुन्हा साधं पाणी. बोअरचं जड पाणी नको, क्षार मागं राहतात. कढत पाणी नको, एबोनाइटचं पेन विटतं. स्पिरिट तर अजिबात नको, काही प्लास्टिकला तडे जातात. शेवटी निब टिश्यूत गुंडाळून रात्रभर उभं ठेवायचं. सकाळी टिश्यूवर निळं दिसलं तर समजायचं, धुतलंय असं आपल्यालाच वाटत होतं.

दुकानाचं वेगळंच. "परमनंट पाहिजे न्हवं? ही घ्या, मरंपर्यंत जायची न्हाई," म्हणून ड्रॉइंगची वॉटरप्रूफ बाटली पुढं येते. त्यांचं खोटं नसतं. त्या शाईत लाखेचं रोगण असतं. पेनात घातली की खरोखरच मरंपर्यंत जात नाही, फक्त मरण पेनाचं असतं.

मौजेसाठी म्हणून वॉलिटीचं ड्रॉपरनं भरायचं पेन ठेवावं. कन्व्हर्टरमध्ये जेमतेम एक मिली शाई मावते, यात दोन-तीन सहज. त्याला कॅमलची रॉयल ब्लू, दुसरं काही शोधू नये. कॅमलवाल्या दांडेकरांनी १९३१ साली शाईचाच धंदा मांडला होता, हे या निळीचं माहेर. शर्टावर पडली तरी लगेच धुतली तर बऱ्यापैकी निघते. (ब्लू-ब्लॅकचा डाग साबणानं हटत नाही. लिंबू-मीठ चोळलं तर फिका होतो, बायकोची नजर मात्र होत नाही.) गळू नये म्हणून आट्यांना सिलिकॉन ग्रीस, बोटभर नव्हे, बोटाला लागेल इतकंच.

या पेनाचा स्वभाव मात्र सांभाळावा लागतो. शाई तिसऱ्या हिश्श्यावर आली की आत हवा जास्त होते. हाताच्या उबेनं ती फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. मग 'आपला विश्वासू'च्या खाली टपोरा थेंब. तळ दिसायची वाट न बघता अर्ध्यावरच भरून टाकावं. रत्नागिरीला जाताना हे पेन अगदी गुणी असतं, परतताना आंबा घाट चढलं की रडतं. कोल्हापूर समुद्रापासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच. बाहेरचा दाब तेवढा कमी होतो, आतली हवा पसरते. बॅगेत आडवं असेल तर टोपणात दोन-तीन थेंब ठरलेले. खिशात निब वर करून उभं ठेवलं तर नुसती हवाच निघून जाते.

पावसाळ्याचं काय सांगावं! राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की चकाकीच्या, म्हणजे वाळल्यावर दुसऱ्याच रंगाची झाक मारणाऱ्या, शायांना सुट्टी द्यायची. त्यांत रंग इतका ठासून भरलेला असतो की ओल्या हवेत तो पुरता वाळतच नाही. सोमवारी लिहिलेल्या ओळीवर गुरुवारी अंगठा फिरला तरी लाल-निळा ठसा उमटतो. कागदही ओल धरून बसलेला, त्यामुळे मे महिन्यात शहाणी वागलेली जोडी जुलैत मुळं सोडते. त्या दिवसांत निब एक माप बारीक घ्यावी आणि जवळ टिपकागद ठेवावा.

कितीही नेमकी जोडी लावली, तरी काउंटरवर शेजारी उभा असलेला माणूस ठरलेला असतो.

"पावनं, पेन द्या की जरा."

अशा वेळेसाठी वरच्या खिशात पाच रुपयांचं बॉलपेन ठेवणं हाच या छंदातला सर्वांत महत्त्वाचा सुटा भाग आहे. ते घरी विसरलं की संपलं. बॉलपेनच्या सवयीनं तो दाबून लिहितो, निबच्या पाकळ्या फाकतात, मधली फट रुंदावते आणि ०३ ची निब त्याच क्षणी बढती घेऊन एम होते. नाहीतर तो निब पालथी धरतो, तीन-चार वेळा कागदावर खरवडतो, कानाशी नेऊन हलवतो आणि मोठ्या मायेनं परत देतो.

"रिफिल संपल्याली दिसत्या. बदलून घ्या, दोन रुपयाला मिळती."