गुडघ्याची नाहक बदनामी

सहा महिने माझा उजवा गुडघा आरोपीच्या पिंजऱ्यात होता. तेल, शेक, पट्टा, पेनकिलर अशी सगळी थर्ड डिग्री देऊन झाली, पण पठ्ठ्या काही कबूल होईना. ज्याला सांगावं तो म्हणे, "वजन कमी करा." सांगणाऱ्याचं पोट त्याच्याआधी खोलीत शिरलेलं असे, ते सोडा.

आधी एक्स-रे, तोही उभं राहून. एक्स-रेत कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर) दिसत नाही, दोन हाडांमधल्या फटीवरून तिचा अंदाज बांधायचा. म्हणून अंगाचा भार हवा. फट चांगली ऐसपैस निघाली. मग एमआरआय. पाय बोगद्यात, डोकं बाहेर, आणि कानाशी कुणी पत्रे ठोकतंय असा दणदणाट. "हलू नका" म्हटल्या क्षणापासून नाक जे खाजायला लागलं, ते शेवटपर्यंत. पण रिपोर्टात सापडली! गुडघ्यातल्या गादीला बारीकशी चीर. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. संध्याकाळपर्यंत झाडून सगळ्या नातेवाइकांना फोन केले.

डॉक्टरांना मात्र तिचं काडीचं कौतुक नव्हतं. पन्नाशीनंतर अशा चिरा न दुखणाऱ्या गुडघ्यांतही निघतात म्हणे. (मागाहून वाचलं: अमेरिकेत फ्रेमिंगहॅमला झालेल्या, २००८ साली छापून आलेल्या अभ्यासात गादी फाटलेल्या ६१ टक्के लोकांना आदल्या महिनाभरात गुडघा दुखलाच नव्हता.) मग त्यांनी विचारलं, "मोजे घालता येतात का?"

गुडघेदुखीत मोजे कुठून आले? पण खरं सांगायचं तर कित्येक दिवस उजवा मोजा मी घालत नव्हतो, लांबून नेम धरून पायावर फेकत होतो. त्यांनी मला उताणं झोपवलं, गुडघा दुमडला आणि पाय हलकेच फिरवला. माझी किंकाळी ऐकून बाहेरचे दोन पेशंट म्हणे उठून गेले.

यावेळी एक्स-रे खुब्याचा. फट जवळपास बुजलेली, कडेला हाडाचे काटे. खुब्याकडे आणि गुडघ्याकडे जाणारी एक नस सामाईक असते. त्यामुळे तक्रार खुब्याची, पण मेंदूच्या दप्तरी नोंद गुडघ्याच्या नावावर!

आता सगळ्यांना पुन्हा फोन करणं आलं. मावशीचा गुडघ्यासाठीचा लोकरी पट्टा निम्मा विणून झालाय. तो खुब्यावर चढेल का, हे तिला विचारायचा मला धीर होत नाहीये.