पद्मिनीत ईकोचं इंजिन: धुळ्याच्या दादांना उत्तर

नमस्कार दादा,

प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून दोन ओळींत उरकत नाही. तुमचं म्हणणं असं: जळगावच्या आमच्या मित्राने प्रीमियर पद्मिनीत, म्हणजे लोक जिला फियाट म्हणायचे त्या जुन्या गाडीत, मारुती ईको व्हॅनचं इंजिन बसवलं आणि मी त्याचं कौतुक लिहिलं, म्हणजे जुन्या गाडीच्या खुनाला टाळ्या वाजवल्या. पद्मिनीचं ११०० सीसीचं मूळ इंजिन नीट बांधलं असतं तर ते आणखी वीस वर्षं चाललं असतं. शिवाय, "आरटीओने धरलं तर काय?"

खून व्हायला आधी जीव लागतो. ही गाडी यावलकडे एका केळीच्या मळ्यात उभी होती. इंजिनाचा ब्लॉक फुटलेला, त्यावरचं हेड कुणीतरी आधीच विकलेलं, बोनेटखाली कोंबड्या. पत्रा तेवढा बरा होता. चालतं इंजिन उतरवून भंगारात घातलं असतं, तर मीही तुमच्या बाजूने भांडलो असतो.

आणि मूळपणाचा एवढा सोस खुद्द प्रीमियरलाही नव्हता. १९८५ मध्ये त्यांनीच फियाट १२४ च्या अंगात निसानचं ११७१ सीसीचं इंजिन घालून '११८ एनई' ही गाडी विकली. पुढे पद्मिनीत डिझेलही आलं. तिकडे अ‍ॅम्बॅसडरने इसुझूचं १८०० चं इंजिन घेतलं, तेव्हा कुणी सुतक पाळलं नाही.

आता उन्हाचं बोलू, कारण आपल्याकडे सगळं तिथेच येऊन थांबतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो. पद्मिनीत टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप इंजिनालाच चिकटलेला, त्यामुळे पेट्रोल नळीतच उकळतं, वाफ धरते आणि गाडी रस्त्यात बसते. पंपावर ओलं फडकं टाकून सावलीत थांबलेल्या फियाट तुम्हीही पाहिल्या असतील. ईकोच्या इंजिनाचा पंप टाकीत असतो, पेट्रोल दाबाने पुढे ढकलतो, मग वाफेला थारा राहत नाही. मित्राने ११९६ सीसीचं हे इंजिन निवडलं त्याचं एक कारण हे. दुसरं म्हणजे ईकोत इंजिन लांबीत बसतं आणि मागची चाकं फिरतात, अगदी पद्मिनीसारखीच. स्विफ्टचं आडवं इंजिन घेतलं असतं तर अर्धी गाडी कापावी लागली असती.

तरीही बसवणं सोपं नव्हतं. इंजिनाच्या तळाचं तेलाचं चेंबर पुढच्या क्रॉसमेंबरला, म्हणजे गाडीखालच्या आडव्या पट्टीला अडत होतं. ते कापून, नवा आकार देऊन वेल्ड केलं आणि तेल ओढणारी नळीही त्याप्रमाणे वळवली. ही नळी चुकली तर वळणावर तेल सुटतं आणि बेअरिंग जातं. मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट लेथवर आखूड करून पुन्हा बॅलन्स केला. वायरिंगचा जुडगा, ईसीएम (इंजिनाचा संगणक) आणि चावी एकाच गाडीची घेतली, नाहीतर चोरीविरोधी यंत्रणा इंजिन सुरूच होऊ देत नाही. मिस्त्री मात्र शेवटपर्यंत अहिराणीत कुरकुरत होता: "तुनी गाडी, तुना पैसा."

तुम्ही ज्या ठिकाणी बोट ठेवायला हवं होतं, तिथे ठेवलंच नाही. ते ठिकाण म्हणजे ब्रेक. पद्मिनीची ताकद चाळीसेक अश्वशक्तीची, ईकोच्या या इंजिनाची ७३. गाडी जेमतेम ९०० किलोची आणि चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना मजा येईल, पण उतरताना ड्रम तापले की पायाखाली काहीच उरत नाही. म्हणून पुढे डिस्क ब्रेक आणि पायाचा जोर वाढवणारा सर्व्हो बसेपर्यंत ही गाडी जोरात पळवायची नाही असं ठरलं आहे. इंजिनाचं सांगणारे व्हिडिओ ढिगाने सापडतात, ब्रेकचं कुणी दाखवत नाही.

आरटीओचं तुमचं बरोबर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकात असलेल्या, कंपनीने ठरवलेल्या तपशिलाला सोडून बदल करता येत नाही. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीच्या मान्य किटला वाट आहे. दुसऱ्या कंपनीचं पेट्रोल इंजिन त्या वाटेने जात नाही. ५० वर्षांपुढच्या गाड्यांना मिळणारी 'व्हिंटेज' नोंदणीही इंजिनात मोठा फेरफार केलेल्या गाडीला मिळत नाही. त्यामुळे ही गाडी सध्या मळ्याच्या खासगी रस्त्यावरच फिरते. लेख वाचून कुणी अशी गाडी महामार्गावर काढणार असेल तर काढू नये. अपघातात विमा कंपनी पहिल्यांदा इंजिनचा नंबरच पाहील.

तुमची स्वतःची पद्मिनी चालू आहे असं तुम्ही लिहिलंत. तिच्यात ईको घालायला कुणी सुचवलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. तेवढ्या पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरचे वॉशर बदलून घ्या. पंपावर आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि त्यातलं इथेनॉल जुनं रबर खातं.